जूनमध्ये एक प्रश्न, फेब्रुवारीत एक पेटी: मुलांबरोबर गावाचा इतिहास शोधण्याची पद्धत

आमच्या शाळेच्या कुंपणभिंतीवर एका वर्षी मुलांनी बेचाळीसच्या चळवळीचे मोठे चित्र रंगवले आणि त्याखाली ठळक अक्षरांत इस्लामपूरच्या गोळीबाराची तारीख 9 सप्टेंबर 1942 अशी लिहिली. चित्र चांगले उतरले होते, ऑइलपेंट पक्का होता आणि येणारे-जाणारे थांबून कौतुक करत होते. चौथ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून उतरले आणि शिपायाला म्हणाले, "नऊ तारीख वडूजची. इस्लामपूरचा मोर्चा दहाचा. गुरुजींना सांग." त्यांचे म्हणणे बरोबर होते. वडूजच्या कचेरीवर 9 सप्टेंबरला परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या मोर्चावर गोळीबार होऊन नऊ जण हुतात्मे झाले आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरच्या मोर्चात विष्णू बारपटे आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील अभियंते उमाशंकर पंड्या हे दोघे गोळीबाराला बळी पडले. चूक मुलांची नव्हती. घाईत तारीख मीच तोंडी सांगितली होती आणि मुलांनी ती रंगवली होती, कारण त्या सगळ्या कामात शोधण्यासारखे त्यांच्यासाठी मी काही ठेवलेच नव्हते.

त्यानंतरच्या काही वर्षांत सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील आमच्या माध्यमिक शाळेत कामाचा क्रम उलटा झाला, म्हणजे शोध आधी आणि सजावट शेवटी. तो क्रम, त्यातील खाचखळगे आणि लागणारा वेळ यांची माहिती इतर शिक्षकांना उपयोगी पडावी म्हणून हे लेखन आहे. सहावी ते नववीच्या मुलांबरोबर हे काम उत्तम होते. चौथी-पाचवीच्या मुलांबरोबर करायचे असल्यास प्रश्न लहान आणि फेऱ्या कमी ठेवाव्यात.

प्रश्न निवडणे

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत वर्षाचा प्रश्न ठरवावा आणि तो एकच असावा. "शिवकाल", "स्वातंत्र्यलढा" असे विषय घेतले की मुले पाठ्यपुस्तकातील परिच्छेद सुंदर अक्षरात उतरवून आणतात, कारण तेवढ्या मोठ्या विषयात त्यांना स्वतः करता येण्यासारखे दुसरे काही नसते. प्रश्न असा हवा की त्याच्या उत्तराचा निदान एक तुकडा गावात चालत जाऊन मिळेल. आमच्या भागापुरते सांगायचे तर ब्रिटिशांविरुद्ध गावोगावी समांतर कारभार चालवणाऱ्या प्रतिसरकारच्या काळात, म्हणजे 1943 ते 1946 दरम्यान, आपल्या गावात कोणाची लग्ने कमी खर्चाच्या गांधी पद्धतीने लागली. बहात्तरच्या दुष्काळात गावचा पाझर तलाव कोणी खोदला. कोयना धरणामुळे उठलेल्या गावांतील माणसे आपल्या शिवारात कधी आणि कशी येऊन राहिली. हरिपूरला जमिनीखाली हळद साठवण्याची पेवे होती त्यांचे पुढे काय झाले. कृष्णेच्या पुराचे पाणी आपल्या गल्लीत कोठपर्यंत चढले होते, असे प्रश्न चालतात. अपशिंग्यासारख्या गावात, जेथून पहिल्या महायुद्धात गेलेले 46 जण परत आले नाहीत आणि ज्याला सगळा सातारा मिलिटरी अपशिंगे म्हणतो, तेथे तर प्रश्न शोधत बसण्याचीही गरज नाही.

प्रश्न पक्का करण्यापूर्वी तीन गोष्टी पडताळाव्यात. तो काळ आठवणारे कोणी हयात आहे का, त्याबद्दलचा एखादा कागद मिळू शकेल का आणि दाखवता येईल अशी एखादी जागा शिल्लक आहे का. तिन्हींपैकी दोन असतील तर काम पुढे न्यावे. एकच असेल तर तो प्रश्न कितीही आवडलेला असला तरी सोडून द्यावा, कारण डिसेंबरपर्यंत त्याचे उत्तर शिक्षकालाच लिहावे लागते.

शाळेच्या कपाटापासून सुरुवात

मुलांच्या हाती पहिला जुना कागद द्यायचा तो शाळेतलाच असावा. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते आणि जुन्या प्राथमिक शाळांची रजिस्टरे स्वातंत्र्यापूर्वीची असतात. साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाने झालेली नोंद अनुक्रमांक 1914 वर आहे, आणि महाराष्ट्रात 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो तो त्या एका ओळीमुळे. बाबासाहेबांची ती ओळ मुलांना आधी सांगावी आणि मग आपल्या शाळेचे रजिस्टर उघडावे, म्हणजे पिवळ्या पडलेल्या त्या कागदाकडे त्यांची बघण्याची तऱ्हा आपोआप बदलते.

रजिस्टर मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीनेच बाहेर काढावे आणि ते मुलांमध्ये फिरवू नये. त्यात जात, पालकांची नावे, नापास झाल्याच्या नोंदी असे पुष्कळ काही असते आणि त्या नोंदींतील माणसांची नातवंडे समोरच्या बाकावर बसलेली असतात. शिक्षकाने स्वतः एक-दोन पानांची हाताने नक्कल करावी, त्यात नावांच्या जागी अनुक्रमांक लिहावेत आणि जन्मतारीख, जन्मस्थळ, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण आणि शेरा एवढेच रकाने ठेवावेत. ती नक्कल चार-चार मुलांच्या गटाला देऊन एकच सूचना करावी: यात जे विचित्र वाटेल ते लिहून काढा.

आमच्या मुलांना सर्वांत आधी दिसली ती 1 जून ही जन्मतारीख. पानावरची कितीतरी मुले एकाच दिवशी जन्मलेली होती. गावात त्या दिवशी एवढी बाळंतपणे कशी झाली, असे एका मुलीने अगदी गंभीरपणे विचारले. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजी जूनच्या हिशेबाने वय बसवून तारीख टाकत, हे उत्तर मी दिले नाही. मुलांना घरी पाठवले आणि आजोबांचा वाढदिवस कधी असतो, तो कोणी ठरवला, एवढेच विचारून यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आलेल्या मुलांना लिहिलेला कागदसुद्धा कोणीतरी, कशासाठी तरी, अंदाजाने भरलेला असू शकतो, हे पुन्हा शिकवावे लागले नाही.

दुसरा उपयोगी रकाना शाळा सोडण्याच्या कारणाचा. तेथे "सतत गैरहजर", "परगावी गेला" अशा त्रोटक नोंदी असतात. त्या कोणत्या वर्षांत दाटीने येतात हे मुलांनी आलेखकागदावर मांडावे आणि त्या वर्षी गावात काय चालले होते ते पुढच्या टप्प्यात विचारावे.

गाव चालून पाहणे

जुलैमध्ये पावसाची उघडीप बघून दोन शनिवार चालण्यासाठी ठेवावेत. तलाठी कार्यालयातून गावाचा नकाशा मिळतो. त्याची मोठी झेरॉक्स काढून गटागटाला द्यावी आणि शेतांची, ओढ्यांची, वाटांची बोलण्यातली नावे त्यावर भरून आणायला सांगावीत. इनामाची पट्टी, तळ्याचे रान, जुनी पांढर, खडी फोडलेला माळ अशी नावे कोणत्याही सरकारी कागदापेक्षा जास्त सांगून जातात. जेथे पांढर म्हणतात तेथे पूर्वी वस्ती होती, हे मुलांना तेथील मातीत खापराचे तुकडे दिसल्यावर लगेच उमजते. ते तुकडे जागीच ठेवावेत, खिशात घालून आणू नयेत. काही नावांमध्ये जातीचा उल्लेख असतो. ती नकाशावर लिहिण्यापूर्वी त्या वस्तीतील माणसांना स्वतः काय म्हणवून घ्यायला आवडते ते विचारावे आणि तेच लिहावे.

सातारा-सांगलीच्या बहुतेक जुन्या देवळांसमोर वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांचे स्मारकदगड, असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, अशी ती दगडात कोरलेली गोष्ट खालून वर वाचायची असते. मुलांनी ती वाचून चित्रकथेच्या चौकटींत उतरवावी. खालच्या चौकटीत गाई दिसल्या तर गुरे पळवून नेताना झालेल्या झुंजीची शक्यता असते, एवढी मदत शिक्षकाने करावी. बाकीचे मुलांना दिसते. शेंदूर किंवा तेल लावलेला दगड खरवडू नये, पडलेला उभा करू नये आणि तो शाळेच्या अंगणात आणून "जतन" करण्याचा मोह तर निश्चितच टाळावा.

शिलालेख असेल तर अक्षरांत खडू किंवा पीठ भरून वाचण्याची जुनी खोड मुलांना लावू नये. सकाळी लवकर ऊन तिरके असताना फोटो काढावा, किंवा संध्याकाळी दगडाच्या बाजूने, जवळजवळ समांतर, बॅटरीचा झोत धरावा. सपाट वाटणाऱ्या दगडावरची अक्षरे सावलीने उठून येतात आणि वर्गातले सर्वांत दंगेखोर पोरही त्या क्षणी गप्प होते. लेखात शालिवाहन शकाचे वर्ष असेल तर त्यात 78 मिळवून इसवी सन काढायला शिकवावे. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातील तिथी असेल तर 79 मिळवावेत. साताऱ्याजवळच्या लिंब येथील बारा मोटेच्या विहिरीवरचा लेख यासाठी फार सोयीचा आहे. शके 1641 ते 1646 या काळात विरूबाई भोसले यांनी ती बांधल्याचे तो सांगतो, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724, शाहू महाराजांची कारकीर्द. तेथे सहल नेल्यास नावात बारा असले तरी प्रत्यक्ष मोटेच्या जागा किती, हे मुलांना मोजायला लावावे आणि उत्तरावर त्यांना मनसोक्त भांडू द्यावे.

आठवणी ऐकणे

या संपूर्ण कामातला हा भाग सर्वांत जास्त देऊन जातो आणि सर्वांत जास्त वेळा बिघडतोही हाच. मी स्वतः केलेला गोंधळ आधी सांगतो. एका आजींनी दुष्काळातल्या कामांबद्दल तासभर सांगितले, मुले तल्लीन होऊन ऐकत राहिली आणि घरी येऊन पाहिले तर माझ्या मोबाइलमधली जागा भरल्यामुळे ध्वनिमुद्रण अकराव्या मिनिटाला थांबलेले. आजी पुन्हा सांगायला तयार झाल्या, पण दुसऱ्या वेळी सांगताना त्या बऱ्याच गोष्टी "ते सांगितलंच की मागं" म्हणून गाळत गेल्या. तेव्हापासून तीन मुलांचा गट असतो: एक विचारतो, एक वहीत टिपतो आणि एक केवळ फोनवर लक्ष ठेवतो. निघण्यापूर्वी फोनमध्ये जागा करणे, तो विमान मोडवर टाकणे आणि एक मिनिट मुद्रित करून ऐकून पाहणे ही कामे तिसऱ्याची. मुद्रण सुरू झाल्यावर प्रथम त्या दिवसाची तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव मोठ्याने उच्चारावे.

वेळ घरच्या माणसांना विचारून ठरवावी. पेरणीच्या आणि भांगलणीच्या दिवसांत दुपारी घरात कोणी नसते आणि संध्याकाळी धारा काढण्याच्या वेळेला गेलेल्या मुलांना चहा मिळतो, आठवणी मिळत नाहीत. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यातील रविवार सकाळ आम्हाला बरी सापडली. जाण्यापूर्वी एक साधे संमतिपत्र मराठीत लिहून न्यावे. आपण कोण, कशासाठी विचारतो, मुद्रण कोठे राहील, प्रदर्शनात नाव द्यायचे की नाही आणि एखादा भाग वगळायचा आहे का, हे पाच मुद्दे त्यात असावेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीला ते वाचून दाखवावे आणि तिचा होकार मुद्रणातच घ्यावा.

प्रश्नांची तयारी वर्गात करून घ्यावी, कारण मुले पहिल्या फटक्यात "त्या काळी परिस्थिती कशी होती?" असे विचारतात आणि त्याला "लई वंगाळ होती बाबा" याखेरीज उत्तर येत नाही. प्रश्न वस्तूपासून सुरू करावा. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारायचे असेल तर कामावर पाटी स्वतःची न्यायची की मिळायची, खडी फोडताना हाताला काय बांधत, सुकडी (कामावर मिळणारे पौष्टिक खाणे) कशात घ्यायचा, मिलोची (परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची) भाकरी कशी व्हायची, मूल लहान असेल तर ते कोठे झोपवत, अशा प्रश्नांनी माणूस बोलू लागतो. मिलोच्या तांबड्या भाकरीचा विषय काढल्यावर आमच्या त्या आजींनी नातीचा तळहात ओढून घेतला, त्यावर बोटाने भाकरीचा आकार काढला आणि थापताना ती कोठून चिरायची ते दाखवले. मुलीने वहीत ते वाक्याने न लिहिता तळहाताचे चित्र काढून त्यावर चिरा दाखवल्या. त्या वर्षीच्या प्रदर्शनात लोक सर्वांत जास्त वेळ त्या चित्रासमोर उभे होते.

वयस्कर माणसे साल सांगत नाहीत, प्रसंग सांगतात, म्हणून मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर खुणेच्या तारखा लिहून द्याव्यात: 1942 ची चळवळ, 1 मे 1960 ला झालेली महाराष्ट्राची स्थापना, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, 1972 चा दुष्काळ, आणि सांगलीकडे 2005 व 2019 चे महापूर. "भूकंपात माझा थोरला पाळण्यात होता" या एका वाक्यावरून मुले निम्मी वंशावळ मांडू शकतात.

आता एक नाजूक बाब. आमच्या भागात 1942 ते 1948 या वर्षांबद्दल विचारायला गेले की अभिमानाच्या गोष्टींबरोबर इतर गोष्टीही निघतात. प्रतिसरकारला लोक पत्री सरकार का म्हणू लागले याची तळपायावरच्या माराची हकीकत निघते, कोणी कोणाची खबर पोलिसांना दिली ते निघते आणि गांधीहत्येनंतरच्या जळिताचा विषयही निघतो. मुलांना "तसले विचारू नका" असे बजावून पाठवू नये, कारण मग ती जे ऐकतील ते घाबरून आपल्यापासूनही लपवतील. बोलणाऱ्याला मध्येच थांबवूही नये. मात्र अशा मुद्रणातील नावे शिक्षकापाशीच राहावीत आणि खबऱ्या म्हणून कोणाचे नाव आले असेल तर ते फलकावर, पोवाड्यात किंवा मुलांच्या वहीत येऊ नये. त्या घरातली सून कदाचित आपल्याच शाळेत पोषण आहार शिजवत असते. वर्गात या विषयावर बोलायचे झाल्यास गावाचे नाव न घेता बोलावे: भीतीच्या काळात माणूस शेजाऱ्याविरुद्ध का जातो, आणि न्यायनिवाडा कोर्टाबाहेर होऊ लागला की त्यात कोणाचे भले आणि कोणाचे वाईट होऊ शकते. नववीची मुले यावर मोठ्या माणसांपेक्षा शहाणपणाने बोलतात, असा माझा अनुभव आहे.

तोंडी आणि लेखी यांची ताडणी

सप्टेंबरअखेर जमलेल्या प्रत्येक माहितीसमोर ती कोठून आली हे मुलांनी लिहावे आणि जी गोष्ट एकाच ठिकाणाहून आली असेल तिच्यासमोर पेन्सिलीने फुली करावी. फुलीची गोष्ट टाकून द्यायची नाही. प्रदर्शनात ती "यांच्या आठवणीप्रमाणे" अशा शब्दांत मांडायची. आठवण आणि नोंद यांत फरक पडला तर दोन्ही शेजारी-शेजारी लावावेत. आमच्याकडे एका आजोबांनी ठासून सांगितले की त्यांचा जन्म सातारा जिल्ह्यातला. नातू म्हणाला, गाव तर सांगली जिल्ह्यात आहे. दोघेही खरे होते. 1 ऑगस्ट 1949 ला सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 21 नोव्हेंबर 1960 पासून त्याचे नाव सांगली झाले. जुने कागद शोधताना ही गोष्ट ध्यानात नसेल तर वाळवा, तासगाव, शिराळ्याकडची मुले चुकीच्या जिल्ह्यात शोधत बसतात.

हाती आलेल्या सामग्रीला साजेसे रूप

आता कोठे सजावटीचा विषय. कोणते रूप घ्यायचे हे स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेवरून ठरवू नये. माहिती जागेची असेल तर प्रतिकृती, माणसाची असेल तर गाणे किंवा वाचन, मापाची असेल तर मापच दाखवावे.

जागेसाठी दिवाळीचा किल्ला आपल्याकडे तयारच आहे. दरवर्षी कोणी न सांगता मुले दगड-माती, गोणपाट आणून, अळीव पेरून, मावळे मांडून इतिहास करत असतात. त्यात आपण थोडीशी शिस्त घालायची. अजिंक्यताऱ्याचा किल्ला करायचा असेल तर समोच्च रेषांचा नकाशा मोठा करून प्रत्येक रेषेप्रमाणे जुने पुठ्ठे कापावेत, ते एकावर एक चिकटवून त्यावर शेणमाती लिंपावी, म्हणजे डोंगराचा खरा उतार येतो. माती वाळल्यावर झारीने पाणी सोडावे. पाणी कोठे थांबते आणि कोठून वाहून जाते हे पाहिल्यावर टाकी आणि तळी गडावर नेमकी तेथेच का, हे मुलांना कळते. पुढे औरंगजेबाच्या वेढ्याकडे वळता येते. डिसेंबर 1699 पासून एप्रिल 1700 पर्यंत प्रयागजी प्रभूंनी हा गड लढवला; एवढे महिने आतल्या माणसांनी काय खाल्ले-प्यायले असेल, असा प्रश्न त्या प्रतिकृतीसमोर उभा राहून विचारला की मुले तलवारी बाजूला ठेवून धान्याची कोठारे शोधू लागतात. प्रतापगड 2025 साली जागतिक वारसा यादीत आल्यापासून सगळ्यांना प्रतापगडच करायचा असतो. करू द्यावा, पण गावाजवळचा मच्छिंद्रगड किंवा वर्धनगड कोणी केला तर त्याला जास्त गुण द्यावेत.

माणसांच्या गोष्टीसाठी पोवाडा. पठ्ठे बापूराव आणि अण्णाभाऊ साठे यांच्या तालुक्यात मुलांना त्याची लय शिकवावी लागत नाही. डफावर थाप पडली की झीलकऱ्यांची "जी जी" आपोआप येते. अडचण शब्दांची असते, कारण मुलांच्या डोक्यात ऐकलेल्या पोवाड्यांतील "शूर वीर रणधीर" भरलेले असते. म्हणून आम्ही एकच नियम ठेवला आहे: प्रत्येक चौकात, म्हणजे पोवाड्याच्या कडव्यात, वहीतली निदान एक अशी गोष्ट आली पाहिजे जी दुसऱ्या कोणत्याही गावाच्या पोवाड्यात बसणार नाही. खडी फोडणाऱ्या बायकांवरच्या पोवाड्यात हाताला बांधलेले लुगड्याचे फडके आले आणि तो पोवाडा त्याच क्षणी आमच्या गावचा झाला. चार चौक पुरेत. सातव्या मिनिटाला पालक घड्याळ बघतात.

मापाचे उदाहरण पुराचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती, पण हा आकडा मुलांसाठी केवळ आकडाच असतो. प्रत्येक मुलाने आपल्या घरात किंवा गल्लीत पाणी जमिनीपासून किती चढले होते ते भिंतीवरच्या डागावरून किंवा घरच्यांना विचारून टेपने मोजून आणावे आणि वर्गाच्या भिंतींवर त्या-त्या उंचीला रंगीत सुतळी बांधून तिला गल्लीचे नाव लिहिलेली चिठ्ठी लावावी. काही सुतळ्या कमरेला लागतात, काही डोक्यावरून जातात. पाहुण्यांना त्या सुतळ्यांखालून वाकून आत यावे लागते. वेगळे भाषण ठेवण्याची गरज राहत नाही.

मोर्चाची किंवा सुटकेची गोष्ट असेल तर ती वाट चालावी. सांगलीत शाळा असेल तर गणेशदुर्गातला तुरुंग 24 जुलै 1943 रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी फोडला ती जागा मुलांना बाहेरून दाखवावी, तेथे दोन मिनिटे थांबून घटना वाचावी आणि पुढे चालावे. वडूजला 9 सप्टेंबरच्या वाटेवर नऊ थांबे घेऊन प्रत्येक थांब्यावर एका हुतात्म्याचे नाव एका मुलाने मोठ्याने घ्यावे. गोळी लागून कोसळण्याचा अभिनय, खेळण्यातल्या बंदुका, लाल रंग हे मी पूर्ण बंद केले आहे. त्यात हसे होते, आणि पाहणाऱ्यांत हुतात्म्याच्या घरचे कोणी असले तर त्याहून वाईट होते.

नाटक मी मुद्दाम शेवटी ठेवतो. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी जेथे मराठी नाटकाचा पाया घातला त्या सांगलीच्या जिल्ह्यात असे लिहिणे धाडसाचे आहे, याची मला कल्पना आहे. पण नाटकात दोन मुले बोलतात आणि अठ्ठावीस भाला धरून उभी राहतात. करायचेच असेल तर प्रत्येक मुलाने आपण ऐकलेल्या एका माणसाची दोन वाक्ये, त्याच्याच बोलीत, पोशाखाविना, समोर येऊन म्हणावीत.

मांडण्याचा दिवस

तारीख विषयावरून ठरवावी. सावित्रीबाईंचे गाव नायगाव सातारा जिल्ह्यातलेच असल्याने मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न घेतला असेल तर 3 जानेवारी योग्य. पूर, दुष्काळ असे विषय जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चालतात. ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांना पहिल्या रांगेत खुर्च्या द्याव्यात आणि फलक उघडण्याचा मान त्यांच्यापैकी एकाला द्यावा. पुढाऱ्यांना बोलावले तर कार्यक्रम तासभर उशिरा सुरू होतो आणि आजीबाईंची जेवणाची वेळ टळते. प्रत्येक फलकाखाली ती माहिती कोठून मिळाली हे एका ओळीत लिहावे आणि शेजारी एक कोरी वही दोरीने बांधून ठेवावी. "यात चूक दिसल्यास येथे लिहा" असे तिच्यावर ठळक लिहावे. आमच्या वहीत पहिल्याच वर्षी अकरा दुरुस्त्या आल्या; त्यांतल्या चार बरोबर निघाल्या आणि एका फलकावरचे नाव आम्ही पाहुण्यांसमोरच बदलले.

पेटी

फेब्रुवारीत परीक्षांची गडबड सुरू होण्याआधी सर्व सामग्री एका पत्र्याच्या पेटीत ठेवावी. मुलाखतींच्या वह्या, संमतिपत्रे, नावे भरलेला गावनकाशा, दुरुस्त्यांची वही, मागे पेन्सिलीने तारीख व जागा लिहिलेले फोटो, पोवाड्याची शाईने लिहिलेली प्रत आणि ध्वनिमुद्रणे भरलेला पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह कधी ना कधी बिघडतो, म्हणून तीच मुद्रणे शाळेच्या संगणकावर आणि आणखी एका पेनड्राइव्हवर ठेवून तो मुख्याध्यापकांच्या कपाटात द्यावा. नाजूक नावे असलेली मुद्रणे वेगळ्या बंद पाकिटात ठेवून त्यावर "मुख्याध्यापकांच्या परवानगीने" असे लिहावे. पेटीत डांबरगोळ्या घालाव्यात, ती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी, आणि पूररेषेतल्या शाळांनी वरच्या मजल्यावर. किल्लीची नोंद शाळेच्या साहित्य रजिस्टरला करावी, कारण शिक्षकाची बदली होते तेव्हा किल्ली त्याच्या खिशातून दुसऱ्या तालुक्यात जाते. आतल्या वस्तूंची यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी आणि तिच्याखाली मुलांना यंदा न सुटलेले दोन प्रश्न त्यांच्याच अक्षरात लिहायला लावावेत. जूनमध्ये नवा वर्ग पेटी उघडतो तेव्हा तो सुरुवात तेथून करतो.